'या' स्वर कसा आणि डोक्यावर चंद्र असलेला 'इ' व्यंजन कसं?

प्रश्न : बाई, मी मूळची जळगावची. व्होल्गेकाठच्या एका शहरात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षीपासून वॉर्डात पेशंटशी रशियनमध्ये बोलावं लागेल, म्हणून रशियनच्या मॅडमनी उच्चारांचा सराव सुरू केलाय. एकेक शब्द देतात आणि विचारतात, यात स्वर किती, व्यंजनं किती? माझं दर वेळी चुकतं. 'या', 'यो', 'यू' ही अक्षरं म्हणे स्वर! आपल्याकडे तर 'य' व्यंजन आहे. उलट डोक्यावर चंद्र असलेला 'इ' मी स्वर धरला, तर ते निघालं व्यंजन. मृदू चिन्हाला स्वर म्हटलं तेव्हा तर वर्ग हसला. मॅडम म्हणतात, गाऊन बघा, जे ताणता येतं तो स्वर. मी 'म' ताणून दाखवला, तोही ताणला गेला. आता काय करू?
— गोंधळलेली भावी डॉक्टर

उत्तर :

अगं, 'म' ताणून दाखवलास तिथेच तू मला आवडलीस. तुझं बरोबर आहे. ती गाण्याची कसोटी रशियातल्या पहिलीच्या मुलांसाठी आहे आणि पहिलीच्या मुलांना ती पुरते. रशियनमध्ये स्वरांना 'ग्लासनिये' म्हणतात. त्याचं मूळ 'गोलस' म्हणजे आवाज, गळा. व्यंजनांना म्हणतात 'सग्लासनिये', आवाजाच्या सोबतीने येणारे. आपल्याकडे पतंजलीने महाभाष्यात जवळपास हेच सांगून ठेवलंय, की जे स्वतःच्या बळावर शोभतात ते स्वर आणि त्यांच्या मागोमाग जातं ते व्यंजन. आपला 'स्वर' हा शब्दसुद्धा गाण्यातलाच. तिथल्या जंगलात मशरूम गोळा करायला गेलेली माणसं चुकली की एकमेकांना 'अऊ!' अशी हाक मारतात. दोन्ही निव्वळ स्वर, कारण झाडांतून दूरवर तेच पोचतात. 'प-ट-क' ओरडून कुणी सापडत नाही.

पण 'म' गुणगुणता येतो, 'स' सापासारखा लांबवता येतो, 'ल' आणि 'र'ही येतात. म्हणून कसोटी थोडी बदल. ताणता येतं का हे विचारू नकोस, वाट मोकळी आहे का हे विचार. 'म'ला ओठ बंद असतात आणि हवा नाकातून जाते. 'स'ला जीभ एवढीशी फट ठेवते, 'ल'ला जीभ मधली वाट अडवते आणि हवा कडेने सुटते. स्वराला स्वरयंत्रापासून ओठांपर्यंत कुठेच अडथळा नसतो. तू शरीररचना शिकतेस, तेव्हा हे तुला चित्रासकट दिसेल.

तरी तुझ्या चुकांचं खरं कारण हे नाहीच. कारण आहे आपली बाराखडी. आपल्याला लहानपणापासून सवय लागली की अक्षर पाहिलं की ध्वनी कळला. 'क' लिहिला की त्यात 'अ' आलाच, नको असेल तर त्याचा पाय मोडायचा. (तसे आपण लबाडच आहोत. लिहितो 'घर', म्हणतो 'घर्'.) रशियनमध्ये व्यंजनाचं अक्षर जन्मतःच पाय मोडलेलं असतं, त्यात कुठलाच स्वर दडलेला नसतो. एवढं तुला एव्हाना कळलं असेल. गंमत पुढे आहे, ती स्वरांच्या अक्षरांत.

रशियन वर्णमालेत 33 अक्षरं. त्यांतली 10 स्वरांची, 21 व्यंजनांची आणि उरलेली 2 नुसती चिन्हं, मृदू आणि कठोर. पण स्वर-ध्वनी मोजलेस तर शाळेच्या पुस्तकाप्रमाणे सहाच भरतात : आ, ओ, उ, ए, इ आणि तो जाड 'ई' (त्याच्याकडे नंतर येते). मॉस्कोच्या परंपरेतले भाषाशास्त्रज्ञ तर पाचच मानतात. त्यांच्या मते जाड 'ई' हे 'इ'चंच दुसरं रूप. पीटर्सबर्गवाले सहावर ठाम. या भांडणात तू पडू नकोस, तुझ्या मॅडम सहा म्हणत असतील तर सहा. पण ध्वनी सहा असताना अक्षरं दहा कशाला?

कारण रशियनमध्ये बहुतेक व्यंजनांच्या जोड्या असतात, एक कठोर आणि एक मृदू. (आपल्या व्याकरणातले कठोर-मृदू वेगळे, ते इथे बाजूला ठेव.) मृदू म्हणजे व्यंजन उच्चारतानाच जिभेची पाठ टाळूकडे, 'इ' म्हणतो तशी, उचललेली. मी मृदू व्यंजनापुढे (') अशी खूण करते. 'ल–उ–क' म्हणजे कांदा आणि 'ल'–उ–क' म्हणजे रस्त्यातल्या गटाराचं झाकण. दोन्हींत स्वर एकच, 'उ'. फरक 'ल'मध्ये आहे. मग तो कागदावर दाखवायचा कसा? 'ल'साठी दोन वेगळी अक्षरं करण्याऐवजी रशियनांनी 'उ'साठी दोन अक्षरं ठेवली. एक सांगतं, 'मी उ, माझ्या आधीचा भाऊ कठोर.' दुसरं, ज्याला तू 'यू' म्हणतेस, ते सांगतं, 'मीही उच, पण माझ्या आधीचा भाऊ मृदू.' आ–या, ओ–यो, ए–ये, जाड ई–इ या सगळ्या अशाच जोड्या. म्हणजे स्वराचं अक्षर दोन कामं करतं. स्वतःचा स्वर सांगतं आणि मागच्या व्यंजनाची तब्येतही सांगतं.

म्हणून व्यंजनानंतर आलेल्या, उलट्या इंग्रजी 'आर'सारख्या दिसणाऱ्या 'या'त 'य' नसतोच. 'म' आणि 'या' लिहिलं की ध्वनी दोनच, म'–आ. आपल्या 'म्या'सारखे तीन नाहीत. जळगावची तू, 'म्या क्येलं' ऐकलेलं असणार. तो 'म्या' रशियन कानाला वेगळाच शब्द वाटेल, कारण त्यात मधला 'य' ठळक आहे.

आता उलट बाजू. 'या', 'यो', 'यू', 'ये' ही चार अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला आली, किंवा स्वरानंतर आली, किंवा त्या दोन चिन्हांपैकी एकानंतर आली, तर मागे मृदू करायला व्यंजन उपलब्ध नसतं. मग ती खरोखरीच 'य' + स्वर असे दोन ध्वनी देतात. 'यामा' म्हणजे खड्डा : अक्षरं 3, ध्वनी 4 (य–आ–म–आ). 'योश' म्हणजे साळूसारखा काटेरी प्राणी, तो तर दोन अक्षरांत तीन ध्वनी बसवतो. यात परकं काही नाही. आपल्या आज्या 'एक'ला 'येक' म्हणतातच की. लिहिलेला स्वर, तोंडात आला 'य' घेऊन. रशियन 'ये' अक्षर शब्दारंभी तेच करतं, फक्त तिथे कुणी त्याला गावंढळ म्हणत नाही.

तेव्हा मॅडम विचारतील, 'या' स्वर की व्यंजन, तर मनात आधी विचार : अक्षराबद्दल विचारताहेत की ध्वनीबद्दल? अक्षर म्हणून ते स्वराचं. ध्वनी म्हणून कधी एक स्वर, कधी एक व्यंजन अधिक एक स्वर. माझ्या अनुभवात विद्यार्थ्यांचे निम्मे गुण इथे जातात, कारण प्रश्नपत्रिका 'अक्षरं किती, ध्वनी किती' असं एकाच ओळीत विचारते.

आता चंद्रवाला 'इ'. त्याचं नाव 'ई क्रात्कये', म्हणजे आखूड इ. नाव स्वराचं, काम व्यंजनाचं, गोंधळ व्हायचाच. याच्यासाठी रशियन नको, मराठीच पुरे. 'गाय' म्हण. हनुवटीखाली हात धर. हनुवटी किती वेळा खाली आली? एकदा. आता 'गाई' म्हण. दोनदा. 'गाय' आणि 'गाई' यांच्या शेवटी जीभ जवळजवळ एकाच जागी जाते, पण 'गाई'तला 'ई' स्वतःच्या पायावर उभा आहे, त्याला स्वतंत्र ठोका आहे. 'गाय'मधला 'य' आधीच्या 'आ'ला टेकून उभा. रशियनमध्ये 'मोय' म्हणजे माझा आणि 'मइ' म्हणजे माझे, अनेकवचन. पहिल्यात चंद्रवाला, ठोका एक. दुसऱ्यात बिनचंद्राचा, ठोके दोन. आपली गायही अनेकवचनात 'गाई' होते, हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला इतका चांगला की मी तो वर्षानुवर्षं वर्गात वापरला.

आणि हीच तुझी सगळ्यात भरवशाची कसोटी. रशियन मुलं शाळेत तालात पाठ करतात की शब्दात जितके स्वर, तितके ठोके. स्वर ठोका देतो, व्यंजन देत नाही. 'चाय' (चहा) एक ठोका, एक स्वर. 'वज़्ग्ल्यात' (नजर) हा शब्द तुला दातात खडे आल्यासारखा वाटेल, पण ठोका एकच, स्वर एकच, बाकी पाच व्यंजनं त्याच्याभोवती गर्दी करून उभी. इथे आपली माणसं हळूच मधे 'अ' किंवा 'इ' घुसवतात आणि एकाचे तीन ठोके करतात. 'स्त्री' नीट म्हणता येणाऱ्या माणसाला खरं तर हे जड जायला नको.

त्याहून मजेशीर म्हणजे रशियनमध्ये असे शब्द आहेत ज्यांत स्वरच नाही. 'व्' म्हणजे मध्ये, 'क्' म्हणजे कडे, 'स्' म्हणजे सोबत. एका पाय मोडक्या अक्षराचा अख्खा शब्द. लिहिताना सुटे, बोलताना पुढच्या शब्दाला चिकटलेले. ठोके शून्य. ते सुटे 'व', 'क' म्हणून वाचू नकोस.

मृदू चिन्हावर वर्ग हसला त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, हजारेक वर्षांपूर्वी तू बरोबर ठरली असतीस. मृदू आणि कठोर ही दोन्ही चिन्हं जुन्या स्लाव्ह भाषेत खरोखर स्वर होती, अगदी ओझरते, अर्धवट स्वर. 11व्या-12व्या शतकाच्या सुमारास त्यांतले काही बोलण्यातून नाहीसे झाले, काहींचे पूर्ण 'ओ', 'ए' झाले. म्हणून झोप म्हणजे 'सोन' आणि झोपेचा म्हणायचं तर 'स्ना', मधला 'ओ' गायब. 'माणूस'चं 'माणसाला' होताना आपला 'ऊ' कसा विरून जातो, तशातलंच काहीसं. स्वर गेले, अक्षरं कागदावर राहिली. कठोर चिन्ह तर 1918च्या लेखनसुधारणेपर्यंत कठोर व्यंजनाने संपणाऱ्या प्रत्येक शब्दाच्या शेवटी लिहीत. छापखान्यांची केवढी शाई त्यात गेली असेल!

आज ती दोन्ही ना स्वर, ना व्यंजन. आपण अनुस्वार-विसर्गाला 'स्वरादी' म्हणून वेगळ्या ओळीत बसवतो, तशी ही तिसरी ओळ समज. त्यांना स्वतःचा आवाज नाही, पण त्यांच्या असण्याने आवाज बदलतो. मृदू चिन्ह मागच्या व्यंजनाला मृदू करतं. तुझ्या कामाचं उदाहरण घे : 'क्रोफ' म्हणजे छप्पर, आसरा आणि 'क–र–ओ–फ'' म्हणजे रक्त. लिहिताना शेवटी 'व' असतो, पण रशियनमध्ये शब्दाच्या टोकाला 'व', 'द', 'ग' यांसारख्या घोष व्यंजनाचा घोष (गळ्यातली थरथर) जातो, म्हणून 'फ' ऐकू येतो. रक्ताच्या तपासणीला पाठवताना पेशंटला छताच्या तपासणीला पाठवू नकोस. अर्थात संदर्भाने तो समजून घेईल, पण मनात हसेल.

दुसरं काम कुंपण घालण्याचं. 'स'–ए–ल' म्हणजे तो बसला. तेच लिहून मधे कठोर चिन्ह टाकलं की 'स–य–ए–ल', त्याने खाऊन टाकलं. कुंपणापलीकडचं 'ये' अक्षर मागच्या 'स'पर्यंत पोचत नाही, म्हणून स्वतःचा 'य' बाहेर काढतं. दोन्ही शब्दांत ठोका एकच, स्वर एकच. वाढला तो 'य', म्हणजे व्यंजन. ही जोडी तुला नीट म्हणता आली आणि नीट मोजता आली की वर सांगितलेलं बहुतेक सगळं तुला कळलं असं समज.

आता तो जाड 'ई'. शिक्षक म्हणून मला याच्याइतकं कुणी छळलं नाही. मराठी जीभ एक तर त्याचा साधा 'ई' करते, नाही तर 'उइ'. आमच्या वर्गात एका मुलाला सांगायचं होतं 'मी घरी होतो', तो म्हणाला 'या बिल दोमा', म्हणजे 'मी घरी मारत होतो'. 'होतो'साठी जाड ई हवा, 'मारत होतो'साठी साधा. बाईंनी विचारलं, कुणाला? तो म्हणाला, आईला आणि बहिणीला. त्याला वाटलं, घरी कुणाबरोबर होतास असं विचारताहेत.

कृती अशी. 'ई' म्हण आणि तसाच लांबव. ओठ हसल्यासारखे पसरलेलेच ठेव, अजिबात गोल करू नकोस. आता आवाज न थांबवता जीभ सावकाश मागे सरकव, आरशात बघत. कुठेतरी मधे एक ओबडधोबड आवाज निघेल, पोटात कळ आल्यासारखा. तोच. 'उइ' येत असेल तर ओठ हलताहेत. पेन्सिल दातांत आडवी धरून म्हण, ओठ आपोआप गप्प बसतील. आणखी एक खाचखळगा : 'श', 'झ' आणि 'त्स' ही व्यंजनं तिथे कायम कठोर असतात, म्हणून 'श'नंतर साधा 'इ' लिहिलेला असला तरी म्हणायचा जाड. छाती तपासताना तुला दिवसातून पन्नासदा म्हणावं लागेल ते 'दिशीत्ये', म्हणजे श्वास घ्या. त्यात पहिले दोन्ही स्वर जाड ई आहेत, जरी एक अक्षर तसं दिसत नसलं तरी.

'त्स'वरून आठवलं. इथे आपण मराठी माणसं भाग्यवान. हिंदीवाल्यांना 'त्स' आणि 'च' वेगळे शिकावे लागतात, आपल्याकडे ते घरचेच आहेत. रशियन 'त्स' म्हणजे 'चाक'मधला च, कायम कठोर. रशियन 'च' म्हणजे 'चार'मधला च, कायम मृदू. पण म्हणून कठोर 'ल'साठी आपला 'ळ' वापरायला जाऊ नकोस. पुष्कळ जण तसं करतात आणि ऐकायला भयंकर वाटतं. 'ळ'ला जीभ उलटी वळते. रशियन कठोर 'ल'ला जिभेचं टोक दातांशीच असतं, फक्त मागचा भाग घशाकडे उचललेला.

आघाताचं, म्हणजे उच्चारातल्या जोराचं, थोडक्यात सांगते, कारण मोजणीत त्याने फरक पडत नाही. आघात फक्त स्वरावर येतो आणि ज्यावर येत नाही तो स्वर फिका पडतो. दूध लिहितात 'मोलोको', म्हणतात 'मलाको', कारण आघात शेवटच्या 'ओ'वर. स्वर तीन ते तीनच. व्होल्गेकाठी खेड्यातली एखादी आजी तिन्ही 'ओ' स्वच्छ म्हणताना भेटलीच, तर ती तिची बोली आहे. तुझ्यासारखी चुकत नाहीये ती.

सरावाला तीन रंगीत पेन्सिली आण : लाल, निळी, हिरवी. रशियन शाळेत मुलं स्वर लाल, कठोर व्यंजन निळं, मृदू व्यंजन हिरवं रंगवतात. तू कॉलेजात आहेस म्हणून लाजू नकोस. आधी हनुवटीने ठोके मोज, तितके लाल चौकोन काढ, मग मधली जागा भर. चिन्हांना चौकोन द्यायचा नाही. सुरुवात 'यिज़ीक'पासून कर, म्हणजे जीभ, आणि भाषासुद्धा. पेशंटला 'जीभ दाखवा' म्हणताना लागेलच. अक्षरं 4, ध्वनी 5. 'य' हिरवा, कारण तो कायम मृदू. मग लाल, 'ज़' निळा, दुसरा लाल म्हणजे जाड ई, 'क' निळा. नंतर 'बोल'' (दुखणं) : अक्षरं 4, ध्वनी 3, लाल एकच. मग 'काशल'' (खोकला) : अक्षरं 6, ध्वनी 5, लाल दोन. असे रोज दहा शब्द, तेही वॉर्डात लागणारेच घे.

पंधरा दिवसांनी वसतिगृहाच्या दाराशी चिकटवलेल्या कागदांकडे बघ. कुठल्यातरी कागदाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत 'अब्यिव्ल्येनिये' असेल, म्हणजे सूचना. आघात मधल्या 'ल्ये'वर, आणि 'ब'नंतर कठोर चिन्हाचं कुंपण आहे. माझ्या मोजणीत 10 अक्षरं, 11 ध्वनी आणि 5 लाल चौकोन येतात. तुझे वेगळे आले तर चौकोनांसकट फोटो काढून पाठव.